बिनडोळ्यांचे बैल

माझ्या नावावर आजतागायत एक गुंठा जमीन झालेली नाही. पण एके काळी मी एकदम बारा बैलांचा मालक होतो, आणि तेही वर्ध्यात, भाड्याच्या एका खोलीत. बैल लाकडी होते, हे मान्य. तरीही बारा बैलांच्या सोबतीनं राहून पाहिल्याशिवाय त्यातली गंमत कळायची नाही. खाटेवरून पाय खाली सोडला की एखाद्याचं शिंग पोटरीत जायचं. दाढीसाठी आरसा उचलला की माझ्या खांद्यावरून दोघे-तिघे डोकावताना दिसायचे, सगळ्यांचे डोळे फाटलेले. ते डोळे मीच काढले होते, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे नेणार?

हे बैल माझ्या गळ्यात घातले उकंडाजींनी.

उकंडाजी म्हणजे सावळीचे सुतार. सिंदी रेल्वे या स्टेशनावर उतरून बैलबंडीनं तासभर गेलं की सावळी. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं त्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, तिथून उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. यमाला वाटावं, टाकून दिलेला माल आहे, कशाला न्या. "यमाले फसवूनच आलो मी," असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच छाती काढून सांगत. अंगानं बुटके, काटक. डोक्याला पांढरं फडकं. कान मात्र देवानं दुसऱ्याच कुणासाठी घडवले असावेत इतके मोठे, आणि उजव्या कानामागे बोटभर पेन्सिलीचा तुकडा. ही पेन्सिल जेवताना, झोपताना, सुतक पाळतानासुद्धा तिथेच असे. उकंडाजींना अक्षर येत नव्हतं. पेन्सिल होती ती लाकडावर रेघ मारण्यासाठी. करवत, पटाशी, वासला, काहीही मागा, हातात देत. पेन्सिल नाही. मी एकदा सही करायला ती त्यांच्या कानामागून काढून घेतली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाजारात त्यांचं धोतर ओढलं होतं.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी साताऱ्याकडचा. ग्रामोद्योगाच्या एका केंद्रात 'संघटक' म्हणून वर्ध्याला आलो होतो. संघटक म्हणजे एक सायकल, एक छत्री आणि भरपूर उत्साह. मरू घातलेल्या कारागिरीला जीव देणं हे माझं काम होतं. त्या वयात माणसाला वाटतं, आपण कशालाही जीव देऊ.

तिकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खरे बैल सजून तोरणाखाली उभे राहतात, दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत गावभर फिरवतात. बैलाच्या पायाखाली पाटी असते, पाटीला चार चाकं. घरोघरी बैलाची पूजा होते आणि पोराच्या हातावर काहीतरी पडतं, गूळ-दाणे, खोबरं, क्वचित एखादं नाणं. याला म्हणायचं बोजारा. असे बैल करणारा सावळीचा म्हातारा फार नामी आहे असं कानावर आलं, आणि मी त्याला जीव द्यायला निघालो.

अंगणातल्या कडुनिंबाखाली ते वासल्यानं लाकूड तासत बसले होते. मी नमस्कार केला, केंद्राचं नाव सांगितलं, ग्रामीण कलेवर दोन-चार वाक्यं बोललो आणि विचारलं, "बैल डझनानं द्याल का?"

त्यांनी मान वर न करताच विचारलं, "कोनाचे?"

"कुणाचे म्हणजे? दिल्लीला प्रदर्शन आहे, तिथले."

"ते समजलं. बैल कोनाचे?"

"कुणाचेच नाहीत. नुसते बैल."

मग त्यांनी मान वर केली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "सखे, यायले पानी दे. ऊन लागलं यायले."

महिना पौषाचा होता.

पाणी घेऊन आली ती त्यांची मुलगी. सखू पस्तिशीची असेल. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला आणि ती परत आली. तिच्या येण्याआधी काही महिने तिची आई गेली होती, त्यामुळे आल्या दिवशी तिनं चूल हातात घेतली ती कायमची. मोसमात कापूस वेचायला जायची, लाकूड डोक्यावरून आणायची, पटाश्यांना धार लावायची, बापाच्या बैलांना काचकागदानं घासून गुळगुळीत करायची. इतक्या ओझ्यांनी तिची मान डावीकडे जराशी कलली होती. डोक्यावर काही नसलं तरी ती चालताना तशीच मान धरायची, जणू कुणीतरी कानाशी हळूच काही सांगतंय.

मी पाणी पीत असताना तिनंच मला उलगडून सांगितलं. तिचा बाप नुसता बैल करत नसे. ज्या घरचं पोर, त्या घरच्या गोठ्यातला बैल. घरच्यांनी बोलावणं पाठवायचं, "मिस्त्री, आमचा बैल पाह्यले या." मग उकंडाजी गोठ्यात अर्धा दिवस बैलासमोर बसत. तो कसा खातो, कसा उभा राहतो, कोणत्या कानाची माशी आधी हाकलतो, हे बघत. दुसऱ्या दिवशी रेघ मारत. बैलाची खोड त्या लाकडात उतरलीच पाहिजे. वामनरावांच्या चांद्याचा एक कान कायम पडलेला, तर लाकडी चांद्याचाही पडलेला. कुणाचा मागे वळून बघणारा, कुणाचा शेपूट चोरणारा. खरा बैल म्हातारा होऊन गेला तरी लाकडी बैल घराच्या फळीवर असे, आणि घरातली माणसं त्याच्याकडे बोट दाखवून खऱ्याच्या गोष्टी सांगत.

आणि त्या बैलाला डोळे नसत. डोळ्यांची जागा गुळगुळीत सोडलेली. पोळ्याच्या सकाळी घरच्या बाईनं काजळाचं बोट लावून ते काढायचे.

"उघडल्या उघडल्या त्याले आपलं घर दिसलं पायजे," उकंडाजी मधेच म्हणाले. "माह्या घरचा पसारा काहाले दाखवू त्याले?"

"सगळ्या गावाले बैल देल्ले यायनं," सखू मला म्हणाली, पण ऐकवत होती बापाला. "मले नाई देल्ला."

"आपल्या घरी गोठा कोठी हाये?"

"नसन. तान्ह्या पोयात मी रिकामी दोरी घेऊन फिरलती, भाऊ. सुताराची पोट्टी. दोरी हाये अन् मांगं काईच नाई. समदे हासत."

"मंग मी कोनाचा बैल काढू? दुसऱ्याच्या गोठ्यातला चोरू?"

हे भांडण तीस वर्षांचं होतं. मी सावळीला जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा ते माझ्या देखत झालं, शब्दही फारसे न बदलता. कधी भाकरी थापताना, कधी धार लावताना. सखू हसत सुरुवात करायची, पण शेवटाला कधी हसत नसे. उकंडाजी गोठ्याचं म्हणायचे आणि मग बराच वेळ लाकडाशी बोलत बसायचे.

लाकडाशी ते खरंच बोलत. मध्येच गाठ लागली की म्हणायचे, "आला सासरा." सिंदीहून लाकूड आलं की आठवडाभर त्याला हात लावत नसत, कारण आगगाडीच्या जवळून आलेल्या लाकडाच्या अंगातला हादरा आधी उतरला पाहिजे. पाटलाच्या घरी दिलेला बैल एकदा गवत खाताना दिसला होता, हे ते शपथेवर सांगत. बढाईला त्यांच्या बांध नव्हता. मात्र बैल सोडून त्यांना दुसरं काही धड येत नसे, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी केलेलं शाळेचं स्टूल तीन पायांवर उभं राहायचं आणि चौथ्यावर मास्तर पडायचे. गावातल्या निम्म्या घरांची दारं लागत नसत. याचा त्यांना कमीपणा नव्हता. "दार काय, धोंडा लावला तरी चालते," म्हणायचे. "बैलाले धोंडा लावून चालन काय?"

पण बैलाची बोलावणीही आता कमी होत चालली होती. सिंदीच्या बाजारात नागपूरचे बैल येऊ लागले होते, लेथवर काढलेले, सगळे एकसारखे, लाल चाकं आणि डोळ्यांच्या जागी काचेचे मणी. स्वस्त, आणि आयते डोळस. मी पहिल्यांदा गेलो त्या वर्षी सावळीतून उकंडाजींना फक्त दोन घरांनी बोलावलं. ते याबद्दल बोलत नसत. पोळ्याला तोरणाजवळ जाऊन मात्र उभे राहत आणि एकेक बैल डोळ्यांत भरून घेत. कोणी "मिस्त्री, काय पाहून राह्यले?" विचारलं तर म्हणत, "काई नाई. ढोरं."

दिल्लीचे बैल त्यांनी शेवटी केले ते याच रागापोटी. तिसऱ्या खेपेला मी गेलो तर माझ्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली. ज्या घरांनी त्यांना बोलवायचं सोडलं होतं, त्या घरांचे बैल ते करणार. पोळ्यात पाहून ठेवलेच होते. "ज्यायले मी नको, त्यायचे बैल जाऊ दे दिल्लीले. तिकडची एखादी बाई डोये काढन अन् ठेवन घरी. आपलं काय जाते." वामनरावांचा चांद्या पहिला. असे बारा.

बैल वर्ध्याला आले आणि मी केंद्राच्या गोदामात त्यांना रांगेत मांडलं. फार देखणे होते. प्रत्येकाची उभं राहण्याची तऱ्हा वेगळी. आणि बाराच्या बारा आंधळे. व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी पाहणी करणार होते, लगेच पार्सल जाणार होतं. दिल्लीचे लोक म्हणतील, वर्ध्याला काम अर्धवट ठेवून पाठवतात. डोळ्यांची रीत मला माहीत होती, पण माझ्या मते ती सावळीपुरती होती. शिवाय शाळेत असताना मी चित्रकलेची परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. दुसऱ्या प्रयत्नात, पण झालो होतो.

पाट्या रंगवणाऱ्याकडून मी पांढरा आणि काळा तेलरंग आणला. पहिल्या बैलाचा डावा डोळा जरा मोठा झाला. जोडीला म्हणून उजवा मोठा केला, तर तो डाव्याच्या पुढे गेला. मग डावा पुन्हा वाढवला. या पद्धतीनं संध्याकाळपर्यंत बाराही बैलांना दृष्टी आली. दोघांची तिरळी होती.

सकाळी व्यवस्थापक रांगेपुढून हात मागे बांधून एकदा गेले, परत आले, आणि शांतपणे म्हणाले, "यांनी काय पाहिलं हो एवढं?" दिल्लीला बैलांच्या जागी मातीचे माठ गेले.

चार दिवसांनी बाजाराच्या दिवशी उकंडाजी स्वतःच वर्ध्याला हजर. बरोबर सखू. बैलांना निरोप द्यायला आले होते. सखूनं जुन्या लुगड्याच्या काठांच्या बारा छोट्या झुली शिवून आणल्या होत्या. मला गोदामाचं कुलूप उघडावंच लागलं.

उकंडाजींनी एक बैल उचलला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला. दुसरा उचलला. शिव्या ऐकायची माझी तयारी झाली होती. सखूनं पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"डोये कोनं काढले?"

"मी."

"मंग हे तुमचे झाले," उकंडाजी म्हणाले. रागानं नव्हे, तलाठ्यानं फेर घ्यावा तसं. "ज्यानं डोये काढले त्याच्या घरचा बैल. न्या घरी."

मी म्हणालो, मी ते डोळे खरवडून टाकतो, एका तासाचं काम आहे. त्यावर मात्र म्हातारा खरोखर हादरला. "डोये फोडता त्याचे? पाहू लागल्यावर?" मग दाराशी जाऊन वळून म्हणाले, बैल असून तान्ह्या पोळ्यात आणले नाहीत तर बैलांचा शाप लागतो, तेव्हा या खेपेला मालकानं जातीनं घेऊन यावेत. हा शापाचा नियम त्यांनी दाराशी पोचेपर्यंत रचला होता असा मला आजही संशय आहे.

तर असा मी, सव्वीस वर्षांचा, सरकारमान्य संघटक, टोपी-छत्रीसह सावळीच्या तान्ह्या पोळ्यात उतरलो. बारा बैल, बारा दोऱ्या. दोऱ्या एकमेकींत अडकल्या. चाकांना उकंडाजी मुद्दाम तेल देत नसत, बैल आला हे घरात ऐकू गेलं पाहिजे म्हणून. त्या कुईकुईनं सगळी आळी दारात आली. एका म्हातारीनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातावर गुळाचा खडा ठेवत म्हणाली, "लहानपनी राह्यलं वाट्टे याचं."

दोन घरांपुढे जाईपर्यंत माझी दमछाक झाली. पोरांचा एक घोळका बाजूनं चालत होता. मजुरांची पोरं, ज्यांच्या घरी गोठा नव्हता, म्हणून बैलही नव्हता. मी एका पोट्ट्याला म्हटलं, जरा ही दोरी धर. त्यानं ती पटकन धरली. मग दुसऱ्यानं दुसरी. पाराशी पोचेपर्यंत माझ्या हातात एकच दोरी उरली होती आणि बोजारा पोरांच्या खिशात जात होता. दोऱ्या परत मागायचा मला धीर झाला नाही. खरं सांगायचं तर खोली रिकामी होणार याचा आनंदही झाला होता.

तेवढ्यात वामनराव ओट्यावरून उठून पुढे आले. पडक्या कानाचा बैल एक मजुराचं पोर ओढत होतं. ते वाकून बघू लागले. "हा तं आमचा चांद्या." मग सरळ होऊन माझ्याकडे वळले. "याले काय भेव दाखवलं तुमी?" सगळे हसले. पण वामनराव तिथेच थांबले. खरा चांद्या उन्हाळ्यात गेला होता, हे मला नंतर समजलं. त्यांनी पोराकडून बैल घेतला नाही. घराकडे गेले, आणि संध्याकाळी उकंडाजींकडे माणूस पाठवला, नवा बैल घेतलाय, पाह्यले या.

शेवटची दोरी हातात घेऊन मी उकंडाजींच्या अंगणात शिरलो. सखू उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं, आता आपण फार मोठं काहीतरी करणार आहोत. मी दोरी तिच्यापुढे धरली. "घ्या, ताई. तुमचा राहिला होता ना."

ती बैलाकडे पाहून हसली, कारण तो तिरळ्यांपैकी होता. मग तिनं मान हलवली.

"नाई, भाऊ. पोट्टे-पोट्टीले द्या. मले बैल नाई पायजे. मले बानं देल्लेला पायजे."

उकंडाजी कडुनिंबाखालीच होते. त्यांनी ऐकलं. या वेळी ते गोठ्याचं काही बोलले नाहीत. लाकडाशीही बोलले नाहीत. हातातला वासला त्यांनी फडक्यात गुंडाळला आणि दिवस असतानाच काम बंद केलं. असं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बोलावणी परत येऊ लागली. सगळी नाही, पण बरीच. बाराही घरांना आपला बैल दुसऱ्याच्या दोरीला बांधलेला आवडला नव्हता. केंद्राच्या अहवालात हे माझ्या कामाचं यश म्हणून नोंदलं गेलं. मी नोंदू दिलं.

पुढच्या दोन वर्षांत माझं सावळीला जाणं व्हायचं ते बहुतेक कामाचं निमित्त काढून. उकंडाजींना खोकल्यानं धरलं होतं. वासला उचलला की दम लागायचा. काम जवळजवळ सखूच करायची, तासणं, कोरणं, घासणं. रेघ मात्र त्यांची. लाकूड त्यांच्या मांडीवर द्यायचं, ते कानामागची पेन्सिल काढत, डोळे बारीक करून रेघ मारत, पेन्सिल परत कानामागे. हात कापायला लागला तसे ते डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरून रेघ मारू लागले. सखूनं एकदा म्हटलं, मी मारून पाहू का. ते म्हणाले, "रेघ चुकली का बैल चुकला." तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्याच सुमाराला त्यांच्या खाटेजवळ एक डालं पालथं घातलेलं दिसू लागलं, ज्याखाली कोंबड्या झाकतात तसलं. सखू कापूस वेचायला गेली की ते डालं बाजूला करून काहीतरी करत बसायचे आणि ती यायच्या आत झाकून ठेवायचे. तिनं विचारलं तर म्हणत, एकाचा बैल हाये. नेनारी येईन. त्या एका बैलाला त्यांनी वर्ष लावलं.

माझी बदली भंडाऱ्याकडे झाली. निरोप घ्यायला मी गेलो तो दिवस पोळ्यानंतरचा होता. आळीत पोरांचे बैल कुईकुई करत फिरत होते. उकंडाजींची खाट कडुनिंबाखाली आणली होती. इतके रोडावले होते की सगळ्या शरीराचे मिळून कानच उरले होते. मला पाहून म्हणाले, "या, बैलवाले." मग घराकडे तोंड करून, "सखे, काजळ आन."

"काजळ काहाले?" सखू बाहेर येत म्हणाली. "या घरात कोन लावते काजळ?"

"दिव्याची काजळी आन मंग. अन् तेलाचं बोट."

ती करवंटीत काजळी खरवडून घेऊन आली. उकंडाजींनी मला डालं उचलायला सांगितलं.

गवळाऊ जातीचे उंच, पांढरे, डौलदार बैल त्यांनी जन्मभर कोरले. हा तसा नव्हता. लहानखोरा, बरगड्या दिसणारा, पुढचे पाय घट्ट रोवून उभा. मान डावीकडे कललेली. बंडीला सदा एकाच अंगानं जुंपलेला बैल धरतो तशी.

सखू त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"हा कोनाचा?" तिनं विचारलं.

"आपल्या घरचा."

"आपल्या घरी गोठा कोठी हाये?"

खोकल्याची उबळ येऊन जाईपर्यंत म्हातारा थांबला.

"गोठा नाई. बंडी तं हाये ना? तुही माय गेल्यापासून या घराची बंडी कोनं वढली?"

मी माझ्या हातातल्या पाण्याच्या गडव्यात पाहू लागलो. पाणी मघाशीच संपलं होतं. जरा वेळानं वर पाहिलं तर सखू बैलासमोर उभी होती आणि दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या होत्या.

"मले बैल केलं का, बा तुनं?" ती शेवटी म्हणाली.

"मंग काय गाय करू? गाय काय वढते?"

ती खाली बसली. बोट काजळीत बुडवून तिनं एक डोळा काढला, मग दुसरा. मला हेवा वाटला, दोन्ही सारखे आले. मग तिनं बैल उचलून बापाच्या तोंडासमोर धरला. उकंडाजी त्याच्याकडे आणि तो उकंडाजींकडे, असे दोघं बराच वेळ बघत राहिले.

"कान जरासे मोठे झाले," उकंडाजी म्हणाले.

"तुह्यावर गेले."

घरात दोरी होतीच. तिनं ती बैलाला बांधली आणि अंगणातून एक फेरी मारली. कुईकुई. चाळिशीला टेकलेली बाई, नऊवारीचा कासोटा मारलेली, बैलाकडे वळून वळून बघत चाललेली. कुंपणापलीकडून शेजारणी बघत होत्या, पण कोणी हसलं नाही. फेरी संपवून ती खाटेशी आली आणि तिनं बापापुढे तळहात पसरला.

"बोजारा दे, बा."

उकंडाजींनी इकडेतिकडे पाहिलं. उशाला काही नव्हतं. अंगातल्या कोपरीला खिसा नव्हता. मी माझ्या खिशात हात घालू लागलो तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

सखूनं मूठ मिटली.

माझा बंडीवाला बाहेरून हाका मारत होता, सिंदीची गाडी चुकेल म्हणून. मी पाया पडलो. म्हातारा म्हणाला, "येजो. पन रंग घेऊन नको येजो." बंडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं. सखू बैल ओढत शेजारच्या दाराकडे निघाली होती, पेन्सिल तिच्या कानामागे. उकंडाजी खाटेवर एका कोपरावर उठून तिच्याकडे बघत होते. त्यांचा हात सवयीनं उजव्या कानामागे गेला, तिथे थोडा चाचपडला, आणि हळूच खाली आला.